सरस्वतीपूजेआधीची बोरं

आई गेली तेव्हा रडणाऱ्यांत माझा नंबर फार मागे लागला. आमच्या भवानीपूरच्या घराचा जिना, जिन्याखालचा बोळ, समोरच्या घराची पायरी, जिथे पाहावं तिथे तिच्या शाळेतल्या मुली. काही अजून दोन वेण्यांतल्या, काही कडेवर पोर घेऊन आलेल्या. "आमची आईच गेली," असं एखादी म्हणायची आणि बाकीच्यांना नव्याने हुंदका यायचा. त्यांतल्या एकीने डोळे पुसत मला विचारलं, "तू कुठल्या वर्षीची?" मी म्हटलं, "मी घरातली." तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती ओशाळली आणि मला पुढे जायला वाट करून दिली.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशीसुद्धा दुःखाच्या आधी मला राग आला. आई माझी, आणि तिच्यापर्यंत पोचायला वाट दुसऱ्यांनी द्यायची.

आईचा जन्म कलकत्त्याचा. आजोबा पोटासाठी कोकणातून तिथे आले आणि तिथलेच झाले. आई आणि तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, दोघी बंगाली शाळेत शिकल्या. वडील मात्र पुण्याचे. फोर्ट विल्यममधल्या एका लष्करी कचेरीत त्यांची बदली झाली, मग लग्न झालं, आणि बदलीवर आलेला माणूस घरजावई नसला तरी गावजावई होऊन राहिला, असं मावशी म्हणायची. वडलांना बंगाली शेवटपर्यंत मासळीवाल्याला 'नको' म्हणण्यापुरतंच आलं. आई मात्र झोपेत बडबडायची तीही बंगालीत, आणि बहुतेक वेळा पाढे.

घरापासून चालत जाण्याजोग्या एका मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची. पाचवीत मलाही तिथेच घातलं. पहिल्या दिवशी ती फाटकाबाहेर थांबली, माझ्या वेणीची रिबीन सारखी केली आणि म्हणाली, "हे फाटक ओलांडलं की मी तुझी आई नाही. बाकीच्या म्हणतात तसं दिदिमणी म्हणायचं. मराठीत बोलायचं नाही. घरी आलं की काय हवं ते बोल." बंगालमध्ये शिक्षिकेला दिदिमणी म्हणतात. शब्द तसा गोड आहे. मला तो कारल्यासारखा लागायचा.

घरी आलं की काय हवं ते बोल, हे म्हणायला ठीक होतं. घरी आल्यावर ती सापडायची कुठे? स्वयंपाक, वह्या तपासणं, आणि बाहेरच्या खोलीत चटईवर बसलेल्या, गणितात कच्च्या राहिलेल्या मुली. त्यांना ती फुकट शिकवायची आणि वर पोळीही खायला घालायची. त्या पोळीला 'रुटी' म्हणत आणि गुळाशी मिटक्या मारत खात. मी एकदा वडलांकडे तक्रार केली. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, मी तिचा नवरा आहे. मला तरी ती कुठे दिसते?"

वर्गात तर आनंदीआनंदच होता. आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून ती मला मापच द्यायची नाही. मी हात वर केला की तिची नजर माझ्यावरून पुढे जायची. फळ्यावर गणित सोडवायला मला कधी बोलावलं नाही. खडूची पेटी आणायला, वह्या गोळा करायला, दिदिमणींची छत्री धरून त्यांना व्हरांड्यातून पलीकडे न्यायला कुणीही चालायचं, एक मी सोडून. घरात दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे दिवाच माझ्या बाजूने झाकलेला होता.

आणि ती मुलींना 'मा' म्हणायची. बंगाल्यांत वडीलधारी माणसं लाडाने मुलींना मा म्हणतात. मा म्हणजे आईच. "एशो मा, बोशो मा," म्हणजे ये मा, बस मा, असं चाललेलं असायचं. मी घरात 'अगं' होते, आणि काही सांडलं-फोडलं की 'कार्टे'. एकदा धीर करून मी तिला म्हटलं, "मला पण मा म्हण ना." ती पोळी लाटत होती. हसून म्हणाली, "तू कधीपासून माझी आई झालीस? आधी ती भाजी ढवळ." मी भाजी अशी ढवळली की बटाट्यांचा लगदा झाला.

फाळणीनंतर पलीकडून आलेली माणसं सियालदाच्या फलाटांवर संसार मांडून होती. त्यांतली काही पुढे शहराच्या कडेला वस्त्या करून राहिली. अशाच एका वस्तीतून सातवीत आमच्या वर्गात एक मुलगी आली. तिची आई येताना वाटेत गेली होती, ती काकांकडे राहत होती. तिच्या पूर्वेकडच्या बोलीला मुली हसल्या. आईने सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आणि तिला म्हणाली, "एशो मा." पहिल्या बाकावर बसवलं. त्याच दिवशी मला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

कारण ती मुलगी हुशार होती. नुसती हुशार नव्हे, गणितात हुशार. आई फळ्यावर अर्धं लिहायची तोवर तिचं उत्तर तयार. ते उत्तर ऐकताना आईच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी घरी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ती आमच्याकडे यायची. चटईवर बसायची, वस्तीकडे परत जायला उशीर होईल म्हणून इथेच जेवायची. आई तिचे केस विंचरून द्यायची. माझेही विंचरायची, पण सकाळी, घाईत, गुंता ओढत. तिचे मात्र सावकाश, तेल चोळून, तोंडाने त्रैराशिकाची उदाहरणं घालत. मी आतल्या खोलीतून पाहत राहायची आणि माझा तिळपापड व्हायचा. मुलगी स्वभावाने वाईट असती तर फार सोयीचं झालं असतं. पण ती उठताना चटई गुंडाळून ठेवायची, माझी ताटली धुवायची, आणि मी काही तोडून बोलले तर फक्त माझ्याकडे बघायची.

एवढ्या सगळ्यात माझं म्हणून एकच होतं. बोरं.

ते जरा सांगायला हवं. आपल्याकडे भोगी-संक्रांतीला सुगडांत ऊस, हरभरा, गाजर आणि बोरं घालतात. बोरांवाचून संक्रांत होत नाही. आणि बंगाल्यांत शिकणारी मुलं सरस्वतीपूजेआधी बोराला तोंड लावत नाहीत. बोराला ते कुल म्हणतात. वसंतपंचमीला देवीपुढे पुस्तकं ठेवायची, उपाशीपोटी फुलं वाहायची, देवीला कुल दाखवायचं आणि मगच आपण खायचं. आधी खाल्लं की देवी कोपते आणि मूल परीक्षेत गटांगळी खातं. संक्रांत आधी येते आणि वसंतपंचमी मागाहून. आता गणिताच्या मास्तरणीच्या घरात यातलं काय चालावं?

आई म्हणायची, "बोर खाऊन कुणी नापास होत नाही, उदाहरणं न सोडवता होतं. पण ज्यांच्यात राहायचं त्यांचा नेम मोडू नये. मी वर्गात उभी राहते." म्हणून आमच्या सुगडांत बोरं नसायची. मावशी दरवर्षी टोमणा मारायची, "झालं, संक्रांतसुद्धा शाळेला दिलीस." मला ते टोमणे फार आवडायचे. माझ्या मनातलं कुणीतरी मोठं माणूस बोलतंय असं वाटायचं.

पण आईला बोरं जिवापाड आवडत. पौषात बाजारात बोरांच्या टोपल्या यायला लागल्या की तिथे तिची चाल मंदावायची. हात लावायची नाही, वास घ्यायची आणि पुढे जायची. मग सरस्वतीपूजेच्या दिवशी शाळेतली पूजा, प्रसादाची खिचडी, मुलींना कुल वाटणं, सगळं आटपून दुपारी घरी आली की पदराला बांधून आणलेली बोरं ती जिन्याच्या वरच्या पायरीवर ओतायची. तिखटमीठ मी आणायची. त्या दुपारी चटईवर कुणी नसायचं, कारण त्या दिवशी पुस्तक उघडायचं नसतं. आम्ही दोघीच. ती बी खालच्या अंगणातल्या नळाच्या दिशेने फेकायची आणि मला म्हणायची, "बघू तुझी कुठवर जाते." आंबट लागलं की एक डोळा बारीक करायची. माझी आई एवढी पोरकट असते हे शाळेतल्या एकाही मुलीला ठाऊक नव्हतं. मी वर्षभर त्या दुपारवर जगायची.

आम्ही दोघी, म्हणजे मी आणि ती मुलगी, शेवटच्या वर्गात पोचलो. स्कूल फायनलची परीक्षा तोंडावर आली होती. त्या संक्रांतीला मावशीकडे हळदीकुंकू होतं आणि आई त्या मुलीला बरोबर घेऊन आली. तिला काळी साडी नेसवली होती, आईची स्वतःची. बंगाली मुलीला सणाच्या दिवशी काळं नेसायचं म्हणजे संकट, पण दिदिमणी म्हणाल्या म्हणून ती नेसली. मी तीच साडी मागितली होती, तेव्हा "तुला अजून सांभाळता येत नाही" असं उत्तर मिळालं होतं. मावशीकडे जमलेल्या बायका तिला म्हणाल्या, "किती गोड दिसतेय, अगदी आपल्यातली वाटतेय." मी कोपऱ्यात तिळगुळाचं ताट धरून उभी होते. त्या खोलीत आपल्यातली म्हणून मला कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

मावशीच्या वाणात बोरं होतीच. तिने मूठभर त्या मुलीच्या ओंजळीत घातली. मुलीने हात एकदम मागे घेतला. बोरं जमिनीवर सांडली. "कुल," ती घाबरून आईकडे बघत म्हणाली, "पूजा झाली नाही अजून." आई लगबगीने उठली, तिच्या पदराला चिकटून राहिलेलं बोर काढलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काही नाही मा, हातात घेतलं म्हणून काही होत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी खाली बसले, सांडलेली बोरं वेचली, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, एकामागून एक खाल्ली. सावकाश. बिया चोखून. आईने पाहिलं. मला ते तिला दाखवायचंच होतं. मी तुझ्या वर्गातली नाही, तुझा वर्गातला नेम मला लागू नाही, मी घरातली आहे, असं सगळं त्यात होतं. तोंडात बोरं असल्यामुळे बोलता आलं नाही एवढंच.

आई चारचौघांत ओरडली नाही, घरी जाताना वाटेतही नाही. ती मुलगी मध्ये होती. दोघी पुढच्या पेपरांचं काहीतरी बोलत चालल्या होत्या आणि मी मागून. मला एक थप्पड मिळाली असती तर मी त्या रात्री सुखाने झोपले असते.

सरस्वतीपूजा आली. आईने नेहमीसारखी शाळेत कुल वाटली. आमच्या वर्गाला वाटताना मला दिली तितकीच त्या मुलीला दिली, हे मी पाहून घेतलं. दुपारी ती घरी आली. पदराची गाठ सोडून बोरं पायरीवर ओतली. मी तिखटमीठ घेऊन आले तर ती उठून उभी.

"तू खा," ती म्हणाली. "मला नकोत."

"का?"

"नकोत म्हटलं ना. दात आंबतात." आणि ती आत गेली.

दात आंबतात. इतकी वर्षं आंबले नव्हते. मी जिन्यावर एकटी बसले. बी फेकून पाहिली, नळापर्यंत गेली, पण बघायला कुणी नव्हतं. माझी खात्री झाली की आता तेही गेलं. मी तिच्या लाडक्या मुलीसमोर तिचा नेम मोडला, म्हणून तिने माझी दुपार काढून घेतली.

आम्ही दोघी पास झालो. ती पहिल्या वर्गात, मी दुसऱ्या. गणितात मला बरे गुण होते, पण ते कुणाच्या लक्षात येतील असे नव्हते. आईने संदेश आणले, ती बंगाली मिठाई. पहिला देवापुढे ठेवला आणि दुसरा त्या मुलीच्या तोंडात घातला. माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मी मनात म्हटलं, हे पाणी त्या मुलीच्या पहिल्या वर्गाचं आहे. संदेश गोड होता म्हणे. मी तो वडलांना दिला.

पुढे मी कॉलेजात गेले. ती मुलगी वस्तीतल्या लहान मुलांच्या शाळेत शिकवू लागली आणि शिकवता शिकवता शिकतही राहिली, हुबेहूब आईसारखी, तिरपं अक्षर फळ्यावर काढत. प्रत्येक सरस्वतीपूजेला आई बोरं आणायची, माझ्यापुढे ठेवायची, आणि स्वतः एकही खायची नाही. बाजारात टोपलीपाशी अजूनही तिची चाल मंदावायची. वास घ्यायची. मी ठरवून टाकलं होतं की हा आमच्यातला अबोला आहे, आणि तो मोडायची पाळी तिची आहे. इतर सगळं बोलणं चालू होतं. नुसता बोरांचा अबोला.

मी बी.ए.च्या वर्षाला होते तेव्हा आई आजारी पडली. दुखणं पोटाचं होतं आणि वेळाने कळलं. अंथरुणावरूनही ती मुलींना उदाहरणं घालायची. सरस्वतीपूजा झाली आणि त्याच आठवड्यात ती गेली.

तेराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात. मावशी आणि मी स्वयंपाकघरात होतो. आईला आवडायची म्हणून मावशीने वालाची उसळ केली होती, मी पुरण वाटत होते. तेवढ्यात ती मुलगी आली. दाराशी चपला काढल्या, आत आली आणि पिशवीतून टपोरी, पिकलेली बोरं काढून माझ्यासमोर ठेवली.

"दिदिमणी आम्हाला दरवर्षी वाटायच्या, स्वतः कधी खायच्या नाहीत," ती बंगालीत म्हणाली. "आमच्यासाठी मन मारायच्या. आज त्यांच्या पानावर ठेव."

बघा, मरणाच्या पानावरसुद्धा हिचाच पदार्थ. आणि मन मारायच्या तेही म्हणे हिच्यासाठी. मी काही बोलणार तोच मावशीने हात आडवा केला.

"बोरं नकोत," ती मला मराठीत म्हणाली. "सोडलेली वस्तू पानात वाढत नाहीत."

"कुणी सोडली?"

मावशीने उसळीखालची आच कमी केली. "तुझ्या आईने. तू माझ्याकडे संक्रांतीला बोरं खाल्लीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन कालीघाटला गेली. देवीसमोर म्हणाली, पोरीने खाल्ली ती माझ्या हिशेबी धर, मी जन्माची बोरं सोडते, पण हिला पास कर. मी हसले तिला. म्हटलं, अगं, तू गणिताची मास्तरीण ना? वर्गात सांगतेस बोर खाऊन कुणी नापास होत नाही, आणि इथे काय करतेयस? तर म्हणाली, बाकीच्या मुलींच्या बाबतीत माझा गणितावर भरवसा आहे. हिच्या बाबतीत नाही धीर होत."

मी पुरणाचा हात तसाच धरून बसले होते.

"मला का नाही सांगितलं?"

"तिनेच बजावलं होतं. म्हणाली, कळलं तर पोरगी रागाने आणखी खाईल."

ती मुलगी एकदा मावशीकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मावशीचं मराठी तिला कळलं नव्हतं. "माशीमा काय म्हणाल्या?" तिने मला विचारलं.

मी तिला बंगालीत सांगितलं. कालीघाट, देवी, जन्माची बोरं, आणि कुणाच्या बाबतीत धीर होत नव्हता तेही. शब्द न शब्द सांगितला, काही गाळलं नाही. घरात तेरावं होतं, आई नव्हती, माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि तरी सांगताना मला बरं वाटत होतं. आतून, चांगलं पोटभर बरं वाटत होतं.

ती ऐकत राहिली. मग तिने बोरं एकेक करून परत पिशवीत भरली. जाताना दाराशी थांबून तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला नवी नव्हती. आतल्या खोलीतून तिच्या केसांत फिरणाऱ्या फणीकडे मी इतकी वर्षं तशीच पाहत आले होते.